निकाहनामा वाचता आला पाहिजे

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात तुझं हे तिसरं वर्ष. आठवीतल्या एका हुशार मुलीची मंगनी ठरली आहे आणि जूनमध्ये तिचं नाव काढणार, असं घरचे म्हणतात. तू वर्गात मुलींच्या हक्कांबद्दल बोललीस, तेव्हा शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या एका सदस्यांनी सुनावलं, "शिकवायला घेतलंय, शिकवा. समाजसुधारणा नको." आणि तू मला विचारतेस, आपा, शिकवायचं की हक्कांसाठी भांडायचं? दोन्ही करायला गेलं तर मुली हातच्या जातात, एकच केलं तर रात्री झोप लागत नाही.

मी १९७९ साली रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत लागले. पुढे हायस्कुलात गेले, २०१५ ला निवृत्त झाले. आजही आठवड्यातले दोन दिवस बायका त्यांचे कागद घेऊन माझ्या ओटीवर बसतात आणि मी ते वाचून दाखवते. बेटा, ही दोन कामं वेगळी नाहीत. पण हे काम कुठल्या टोकाने हातात धरायचं, हे कळायला मला दहाएक वर्षं लागली. त्याची किंमत माझ्या काही विद्यार्थिनींनी मोजली. ते आधी सांगते.

२३ एप्रिल १९८५ ला शाहबानोचा निकाल लागला. इंदूरची, तलाकच्या वेळी बासष्ट वर्षांची बाई. १९३२ मध्ये लग्न, १९७५ मध्ये घराबाहेर, १९७८ मध्ये तलाक, आणि नवरा स्वतः वकील. मॅजिस्ट्रेटने महिना पंचवीस रुपये पोटगी लावली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि एवढ्या रकमेसाठी नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल तिच्या बाजूने लागला. त्यानंतर काय झालं ते तुझ्या जन्माआधीचं आहे, पण ऐकून असशील. गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले. आमच्या मोहल्ल्यातही रात्री इशाच्या नमाजनंतर लोक त्यावरच बोलत बसायचे. पुढच्या वर्षी संसदेने वेगळा कायदा केला.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. निकाल वर्तमानपत्रातून कापून पाटीच्या मागे ठेवला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात, समोर पालक बसलेले असताना, मी वीस मिनिटं बोलले. संविधान, सर्वोच्च न्यायालय, तोंडी तलाक, एकाहून अधिक लग्नं, सगळं. त्या भाषणातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. पण जूनमध्ये माझ्या वर्गातल्या नऊ मुलींची नावं कमी झाली. कुणी भांडलं नाही. दाखले मागायला आले, चहा प्यायले, घरची विचारपूस केली आणि दाखले घेऊन गेले. दोघींच्या वडिलांचं तर कुवेतहून पत्र आलं होतं, नाव काढा म्हणून. मुली दाराशी उभ्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "आपा, तुम्ही खरंच बोललात, पण आता मला घरी बसायला लागणार."

चार वर्षांनी तीच मुलगी माझ्या घरी आली. हातात पोस्टाने आलेला तलाकनामा. सातवीपर्यंत शिकली होती, उर्दू उत्तम, त्यामुळे कागद तिला वाचता आला होता. मी विचारलं, निकाहनामा, म्हणजे लग्नाचा लेखी करार, कुठे आहे? सासऱ्यांकडे. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, किती ठरला होता? माहीत नाही. नगद की उधार? माहीत नाही. तू सही केलीस तेव्हा काय लिहिलं होतं? "आपा, माझ्या वतीने बोलणारा वकील आणि साक्षीदार गवाह आत आले, सगळ्या बायका रडत होत्या, मामूंनी बोट ठेवलं तिथे मी सही केली."

मी रात्रभर जागी राहिले. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात शाहबानो होती, दिल्ली होती, संविधान होतं. या मुलीच्या नावाचा एकुलता एक करार कुठल्या कपाटात पडलाय, हा प्रश्न त्यात नव्हता. आणि ती माझ्याच वर्गात उर्दू शिकली होती. पाच वर्षं मी तिचं श्रुतलेखन तपासलं होतं!

श्रुतलेखनातूनच मला वाट सापडली. तू उर्दू शिकवतेस म्हणून तुला हे लगेच कळेल. मेहरचे दोन प्रकार. एक मुअज्जल, म्हणजे मागताक्षणी द्यायचा. दुसराही मुअज्जल, म्हणजे पुढे ढकललेला, तलाक किंवा मृत्यूच्या वेळी द्यायचा. कानाला दोन्ही सारखेच. लिहिताना पहिल्यात ऐन येतो, दुसऱ्यात वाववर हमजा. आपल्या कोकणी कानाला ऐन आणि हमजा यातला फरक ऐकूच येत नाही, तो डोळ्यांनीच कळतो. म्हणजे नवरीसमोर निकाहनामा नुसता वाचून दाखवला तरी पैसे आज मिळायचे की कधीतरी, हे तिला ऐकून समजणार नाही. ते अक्षर तिने स्वतः पाहिलं पाहिजे.

त्या वर्षापासून माझ्या श्रुतलेखनात हे शब्द आले: मेहर, निकाहनामा, गवाह, वकील, दस्तखत, इद्दत (तलाकनंतर किंवा नवरा गेल्यावर बाईने थांबायची मुदत), नफका (निर्वाहाचा खर्च), विरासत (वारसा), आणि दोन्ही मुअज्जल. हरकत कोण घेणार? शब्द उर्दूचे, तास उर्दूचा, ऐन आणि हमजाचा फरक तर अभ्यासक्रमातलाच. मुलींनी अर्थ विचारले, मी सांगितले. मग एक गृहपाठ दिला: घरी जाऊन अम्मीचा निकाहनामा बघायचा आणि त्यातला मुअज्जल कुठला आहे ते वहीत उतरवून आणायचं.

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक वह्या कोऱ्या. अम्मीकडे कागदच नव्हता. कुणाचा आजोबांच्या ट्रंकेत, कुणाचा जमातीच्या दफ्तरात. आठवड्याभरात आया शाळेत यायला लागल्या. एकीने पदराखालून कागद काढला आणि म्हणाली, "आपा, माझ्यात रकमेची जागा कोरी आहे. असं चालतं का?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने तो कागद मुलीकडून वाचून घेतला होता.

माझ्या भाषणाने नऊ मुली गेल्या. या गृहपाठाने एकही गेली नाही, उलट आया आल्या. म्हणून मी तुला गप्प बसायला सांगणार नाही, पण सुरुवात फळ्यापासून कर.

आता धर्माचं. तुला मंडळात आणि मोहल्ल्यात उत्तर द्यावं लागेल, तेव्हा हे पाठ असू दे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत सूरह बकराची २८२ वी. ती कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. आणि सूरह निसाच्या चौथ्या आयतीत, बायकांचे मेहर त्यांना खुशीने द्या. मी आमच्या गावच्या वयस्कर मौलानांकडे गेले होते. दरवाजाबाहेर बसले आणि विचारलं की उधार मेहर हे कर्ज असेल तर ते लिहिणं फर्जाच्या जवळ जातं की नाही? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी खुतब्याआधीच्या बयानात त्यांनी स्वतःहून हाच विषय घेतला आणि मेहरची रक्कम कोरी सोडणाऱ्यांना चांगलंच फटकारलं. मौलवी म्हणजे सगळे एकाच साच्यातले, असं बाहेरचे लोक मानतात. तू तरी मानू नकोस. ज्यांच्याशी बोलून उपयोग नाही असेही भेटतील, मला पुष्कळ भेटले. पण दार ठोठावण्याआधीच ठरवू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं याहून मोठं उत्तर एका बाईच्या आयुष्यात आहे. बेगम रुकैया सखावत हुसेन. जन्म ९ डिसेंबर १८८०, रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी, आज ते बांगलादेशात आहे. जमीनदाराचं घर, कडक पडदा, मुलींना अरबी पठणापुरती अक्षरओळख. थोरली बहीण करीमुन्निसा आणि भाऊ इब्राहिम यांनी तिला बांगला आणि इंग्रजी शिकवलं. भाऊ शिकवायचा ते रात्री, घर झोपल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात. १८९८ मध्ये भागलपूरच्या सखावत हुसेन या डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी लग्न झालं. नवऱ्याने तिला लिहितं ठेवलं. १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात तिची इंग्रजी गोष्ट आली, त्यात पुरुष जनान्यासारख्या मर्दान्यात बंद आणि बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात. १९०९ च्या मे महिन्यात नवरा गेला. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. १ ऑक्टोबरला, म्हणजे पाच महिन्यांत, तिने भागलपूरला शाळा उघडली. मुली पाच. सासरच्या मालमत्तेच्या वादामुळे ते गाव सोडावं लागलं, तर १६ मार्च १९११ ला कलकत्त्याच्या वलीउल्ला गल्लीत पुन्हा उघडली. मुली आठ. स्वतः कधी शाळेत बसली नव्हती, म्हणून दुसऱ्या शाळांमध्ये जाऊन वर्ग कसा चालवतात ते बघून आली.

आता तिच्या बसची गोष्ट ऐक. ही मी प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगत आले आहे. मुलींना घरून आणायला शाळेची मोटार होती. पडदा मोडू नये म्हणून ती चारी बाजूंनी बंद, आत काळोख. एका इंग्रज बाईने तिला चालती काळकोठडी म्हटलं होतं. कुणाला चक्कर यायची, कुणी ओकायची, लहान मुली अंधाराला भिऊन रडायच्या. आयांच्या तक्रारी आल्या. तेव्हा रुकैयाने झडपा उघडून त्यावर पडदे लावले. लगेच पत्रं आली, वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, हे बंद झालं नाही तर शाळेविरुद्ध लिहू. एका बाजूला गुदमरणाऱ्या मुली, दुसऱ्या बाजूला ही पत्रं. हे सगळं तिने १९३१ च्या 'अवरोधबासिनी'त स्वतः लिहून ठेवलं आहे. पडद्यापायी बायकांचे काय हाल होतात त्याच्या सत्तेचाळीस घटना तिने त्यात नोंदवल्या आणि शेवटची ही.

ही बाई पडद्याच्या अतिरेकावर इतकं धारदार लिहीत होती, आणि तीच शाळेच्या गाडीला पडदे लावत होती, स्वतः बुरखा घालून घरोघर मुली मागायला जात होती. तिला बांगला शिकवायची ओढ होती, पण कलकत्त्यातली खानदानी मुस्लिम घरं उर्दू बोलायची, म्हणून शाळा उर्दूत चालवली. तिला दुटप्पी म्हणणारे तेव्हाही होते. मी तसं मानत नाही. तिचं लिहिणं वाढत्या वयाबरोबर मऊ झालं नाही आणि मुलगी गाडीत बसली पाहिजे यावर ती कधी हटली नाही. १९१६ मध्ये तिने अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम काढली, तिच्यामार्फत विधवांना मदत, गरीब वस्त्यांमधल्या बायकांना अक्षरओळख, असं काम चालायचं. म्हणजे शाळा आणि हक्कांचं काम हातात हात घालून. वीस वर्षांत त्या आठ मुलींची शाळा हायस्कूल झाली. ९ डिसेंबर १९३२ च्या पहाटे ती गेली, वाढदिवशीच. टेबलावर एक लेख अर्धवट होता. त्याचं नाव 'नारीर अधिकार', स्त्रीचे हक्क.

कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे मी तिच्याकडून घेतलं. बुरखा, स्कार्फ, मुलींची वेगळी रांग, संध्याकाळी लवकर सोडणं, सहलीला दोन आया बरोबर, यावर मी कधी वाद घातला नाही. घरच्यांना आवडेल तसं. पण जन्मतारीख, परीक्षा, विज्ञानाचा तास आणि दाखला, यात एक पाऊलही मागे घेतलं नाही. एकदा एका पालकांनी लग्नासाठी मुलीचं वय दोन वर्षांनी वाढवून लिहून द्या म्हणून बरोबर वजनदार माणूस आणला होता. रजिस्टर कुलपात टाकलं आणि किल्ली घेऊन घरी गेले.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेने चालणाऱ्या बायका होऊन गेल्या, पण त्यांच्याबद्दल कागदावर फार कमी उरलं आहे. सावित्रीबाई फुल्यांबरोबर शिकवणारी फातिमा शेख बघ. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तिथून १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतीबांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाची एक ओळ आहे. ती ओळ आणि एक छायाचित्र. एवढ्यावर आपण तिला शोधत बसतो. कुरकुर न करणाऱ्या बाईने दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर किती बरं झालं असतं. माझ्या मुलींना मी रोजनिशी लिहायला लावायचे ते यामुळेच.

आणि १८ एप्रिल १९६६. सात मुस्लिम बायका मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालत गेल्या, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. त्यांना घेऊन जाणारे हमीद दलवाई आपल्याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. आमच्या घरात त्यांचं नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. अब्बा म्हणायचे, त्याने घरचं बाहेर नेलं. अम्मी चुलीपाशी पुटपुटायची, घरात ऐकलं असतं तर कशाला नेलं असतं? त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नव्हते आणि आजही नाही. पण त्या सात जणी चालल्या तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि अम्मीचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

कायदा किती माहीत असावा, असंही तू विचारलंस. वकिलाइतका नको, पण कुणी दारात आली तर पहिलं पाऊल सांगता येईल इतका हवाच. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम बाईला कोर्टातून निकाह मोडता येतो. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं खर्च दिला नाही, सात वर्षांची वा जास्त शिक्षा झाली, छळ होतो, अशी कारणं त्यात आहेत. आपल्याकडे आखातात गेलेल्या आणि पैसे पाठवायचं बंद केलेल्या नवऱ्यांच्या बायकांना हे दोन वर्षांचं कलम माहीतच नसतं. त्या दहा दहा वर्षं ना इकडच्या ना तिकडच्या राहतात. १९८६ च्या कायद्याने तलाकपीडित बाईची पोटगी इद्दतीपुरतीच राहिली, असं सगळे सांगायचे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यायची आहे. २००२ मध्ये ठरलं की नुसतं 'तलाक दिला होता' म्हणून चालत नाही, वाजवी कारण आणि दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न दाखवावा लागतो. २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल झाला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की इतर बायकांसारखा फौजदारी कायद्यातला पोटगीचा मार्ग मुस्लिम तलाकपीडितेलाही खुला आहे.

२०१९ च्या कायद्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते लपवत नाही. तलाक रद्दबातल झाला याचा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही, त्या दिवशी मी ती नऊ नावं आठवून आठवून म्हटली. पण नवरा तुरुंगात गेला की पोटगी कोण देणार, हा माझ्या ओटीवर बसणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न असतो. त्या कायद्यात तिच्या आणि मुलांच्या निर्वाह भत्त्याची आणि मुलांच्या ताब्याचीही कलमं आहेत. त्यांची चर्चा कुणी करत नाही, सगळे तुरुंगाबद्दलच बोलतात. मी बाईला आधी भत्त्याचं कलम वाचून दाखवते.

तफवीजबद्दलही वर्गात बोल. निकाहनाम्यात अट घालून तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवता येतो, दुसरं लग्न केलं तर, खर्च दिला नाही तर, अशा अटींवर. ही सोय शरियतमधलीच, जुनीच. पण अट लिहायची तर निकाहच्या आधी, मांडवात रडारड चालू असताना नाही.

आणि वारसा. इथे आपण शिक्षिका फार कच्च्या आहोत. तलाकवर सगळे बोलतात, पण माझ्याकडे येणाऱ्या दर दोन बायकांमधली एक हक्कसोडपत्राने नागवलेली असते. आपल्या कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, मुलं असलेल्या विधवेला आठवा. निम्माच का, हा वाद मी घालते, जाहीरपणे घालते. पण जो निम्मा आहे तो तरी कुठे मिळतो? वडील गेल्यावर चाळिसाव्याच्या आत भाऊ कागद घेऊन येतो, "आपा, तलाठ्याकडे द्यायचंय, सही कर." ती विचारत नाही, कारण विचारलं तर माहेर तुटेल. महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीचे पैसे यायला लागले तेव्हा अशा सह्यांचा आमच्याकडे पाऊस पडला होता. शेजारच्या हिंदू बायकांची कहाणीही हीच आहे, त्यांचा कायदा वेगळा असला तरी. एक लक्षात ठेव, शेतजमीन १९३७ च्या शरियत कायद्यातून वगळलेली आहे, म्हणून जमिनीच्या बाबतीत हिस्से तोंडावर सांगून मोकळी होऊ नकोस, बाईला सातबारा आणि फेरफार घेऊन वकिलाकडे पाठव.

हा कागद मराठीत असतो. आपल्या मुली घरात कोकणी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात, आणि तलाठी, पोलीस ठाणं, कोर्ट, बँक सगळं मराठीत. निकाहनामा वाचता येणारी मुलगी सातबाऱ्यापुढे अडाणी ठरते. उर्दू सोडा असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही, ती आपली वाचनाची भाषा आहे. पण मराठीचा तास हा मार्कांपुरता ढकलायचा तास नाही. मराठीच्या शिक्षिकेशी बोल आणि निबंधाऐवजी महिन्यातून एकदा अर्ज लिहून घे: नकलेसाठी अर्ज, वारसनोंदीसाठी अर्ज, ठाण्यात द्यायची तक्रार.

आता तुझी आठवीतली मुलगी.

ती चौदाची आहे. मंगनी मोडण्याचा आग्रह आज धरू नकोस. निकाह अठराच्या आत होऊ द्यायचा नाही आणि शाळा सुटू द्यायची नाही, या दोनच गोष्टींवर उभी राहा. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर. निकाहची तारीख जवळची निघाली तर वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी फोन कर. कुणी केला हे सांगावं लागत नाही. पण तारीख लांबची असेल तर आधी उंबऱ्यावर जा.

एकटी जाऊ नकोस, आणि मंडळाला घेऊनही जाऊ नकोस. तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईला बरोबर घे. दुपारी जा, पुरुष घरात नसताना नव्हे, तिचे वडील आखातात असतील तर व्हिडिओ कॉलवर असताना जा, म्हणजे मागाहून "मला विचारलंच नाही" असं होणार नाही. गुणपत्रिका ने. बारावीपर्यंत मुलीला फी नाही, एसटीचा पास मोफत मिळतो, हे तोंडी न सांगता लिहून ने. हायस्कूल दूर असेल तर त्याच रस्त्याने जाणाऱ्या आणखी दोन मुलींची नावं सांग. घरच्यांना काळजी बहुतेक वेळा शिक्षणाची नसते, बसस्टॉपपासूनच्या दीड किलोमीटरची असते. त्या दीड किलोमीटरचं उत्तर तुझ्याकडे तयार असलं पाहिजे. शाळेत मुलींच्या संडासाला कडी आहे का तेही बघ, पाळी सुरू झाल्यावर मुली घरी का बसतात याचं कारण कित्येकदा तेवढंच असतं.

आई बहुधा गप्प राहील. वडील म्हणतील, मुलगा चांगला आहे, सौदीत नोकरी आहे. वाद घालू नकोस. घरात आजी असेल तर तिच्याजवळ जाऊन बस, चहा घे, आणि तिला विचार, नानी, तुमचा मेहर किती ठरला होता, तो मिळाला का, आणि तुमचा कागद कुठे आहे? मग तू काही बोलू नकोस. मुलीला तिथेच बसू दे.